तो बार फुसका नव्हता

पोस्ट मोठी आहे. पण आज बातमी नाही, दुरुस्ती द्यायची आहे. पेपरात चूक पहिल्या पानावर छापतात आणि दुरुस्ती आतल्या पानावर बोटभर चौकटीत. माझी चूक याच पेजवर मोठ्या मथळ्याने गेली होती, म्हणून दुरुस्तीही इथेच आणि तेवढीच मोठी.

तीन वर्षांपूर्वीची जानेवारी. मुरबाड तालुक्यातल्या एका गावात शासकीय इतमामात अंत्यसंस्कार होते. गावाचं आणि घराचं नाव लिहीत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. सकाळची साडेसातची वेळ, वालाच्या पानांवर दव, बोलताना तोंडातून वाफ. आठ जणांचं पोलीस पथक पहाटेच गाडीतून आलेलं. हवेत तीन फैरी झाडून मानवंदना द्यायची होती.

पहिल्या फैरीला सात बंदुका वाजल्या. आठवीतून नुसतं ‘टक’ झालं.

तो टोकाचा पोरगा, असेल पंचवीस-सव्वीसचा. बंदूक खांद्याला तशीच, नळी आभाळाकडे तशीच. बाकीच्यांनी हाताने पुन्हा लोड केलं, दुसरी फैर झाली, तिसरी झाली. हा जागचा हलला नाही. माझ्या मागे कोणीतरी खुसकन हसलं. मी मोबाईलवर सगळं शूट करतच होतो. चाळीस सेकंदांची क्लिप.

संध्याकाळी टाकली. मथळा: ‘फुसका बार!’ खाली एक ओळ: ‘हे आपलं रक्षण करणार?’ तुमच्यापैकी बरेच जण त्या पोस्टखाली होते. कोणी त्याला पुतळा म्हटलं, कोणी विचारलं की भरती पैसे देऊन झाली का. माझ्या पेजवरची त्या वर्षातली सगळ्यात जास्त शेअर झालेली पोस्ट तीच होती. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, दुसरी बाजू विचारल्याशिवाय बातमी पूर्ण होत नाही. बावीस वर्षं झाली त्याला. त्या दिवशी पोरगा माझ्यापासून वीस पावलांवर होता. मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी पौष पौर्णिमेला म्हसा यात्रेत गेलो होतो. बैलबाजाराचे फोटो काढून घोंगड्यांच्या ओळीत शिरलो, आईसाठी एक घ्यायची होती. शेजारी एक गृहस्थ भाव करत होते. माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “तुम्हीच ना ते, व्हिडिओ टाकणारे?” मला वाटलं कौतुक आहे. मी हसून हो म्हटलं.

“तो माझा पोरगा,” ते म्हणाले. “दरवर्षी यात्रेला सुट्टी काढून यायचा. यंदा नाही आला. पोरं ‘फुसका’ म्हणतात ना त्याला.”

आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. घोंगडीचे पैसे दिले, घोंगडी खांद्यावर टाकली आणि गेले. मी न घेताच परत आलो.

शहापूरला माझे एक मामा राहतात. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, बेळगावला ट्रेनिंग झालेले, नव्वदच्या दशकात सियाचिनला राहून आलेले. त्या रविवारी त्यांच्याकडे गेलो. बोलता बोलता क्लिप दाखवली, म्हटलं बघा मामा, एवढ्यावरून केवढं झालं. मामांनी चष्मा लावून ती चार वेळा पाहिली. मग मोबाईल माझ्या हातात देत म्हणाले, “भाचेबुवा, यात एकानेच ड्रिल बरोबर केलीय आणि तुम्ही त्यालाच हसलात.”

मी म्हटलं, “त्याची बंदूक उडालीच नाही मामा.”

“बंदूक नाही उडाली. तो कुठे चुकला ते सांग.”

मला सांगता येईना. मग त्यांनीच समजावलं. इतकी वर्षं बातम्यांमध्ये ‘मिसफायर’ शब्द वापरतोय, त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

काडतुसाच्या बुडाला मधोमध एक छोटी टोपी असते. चाप ओढला की फायरिंग पिन, म्हणजे एक जाडसर खिळाच समजा, त्या टोपीवर आपटतो. टोपीतला मसाला पेटतो, त्याने आतली दारू पेटते. पिन हळू आपटली किंवा टोपी खराब असली तर बार होत नाही. हा झाला मिसफायर. पण याचा एक भाऊ आहे आणि तो वाईट. त्याला म्हणतात हँगफायर. टोपी पेटलेली असते, दारू पेटायला उशीर करते. बहुतेक वेळा उशीर क्षणाचाच असतो, पण कधी काही सेकंदही लागतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. चाप ओढला, ‘टक’ झालं, पुढे शांतता.

“आता सांग,” मामा म्हणाले, “शांतता झाली की माणूस काय करतो?”

काय झालं ते बघायला बंदूक खाली घेतो. मी असतो तर तेच केलं असतं.

“आणि तेवढ्यात उडाली तर? समोर गाव उभं आहे.”

म्हणून फायरिंग रेंजवर पहिला धडा हाच. आवाज आला नाही तर नळी सुरक्षित दिशेला तशीच धरायची, बोट चापावरून काढायचं, निदान अर्धा मिनिट थांबायचं आणि मगच चेंबर उघडून राउंड बाहेर काढायचा. लढाईत नियम वेगळा. तिथे ताबडतोब राउंड फेकून दुसरा भरायचा. “तिथे अर्धा मिनिट थांबलास तर समोरचा तुला कायमचा थांबवेल,” मामा म्हणाले. पण मानवंदना म्हणजे लढाई नाही, आजूबाजूला बायका-पोरं उभी असतात.

मी विचारलं, सलामीला तर ब्लँक असतं, गोळी नसतेच, मग भीती कसली? त्यावर मामांनी मला असं पाहिलं की मी गप्प झालो. ब्लँकमध्ये शिसं नसतं, दारू असते. नळीच्या तोंडाजवळ तो गरम वायूचा लोट माणूस मारू शकतो. १९८४ साली अमेरिकेत जॉन-एरिक हेक्सम नावाचा नट शूटिंगच्या मधल्या वेळेत ब्लँक भरलेलं पिस्तूल गमतीने कानशिलाला लावून गेला.

आणि ते बाकीचे सात जण प्रत्येक फैरीला हाताने बंदूक ओढत होते, त्यावरही आपण हसलो होतो. ‘सेल्फ लोडिंग’ म्हणतात आणि हाताने ओढतात! तेही बरोबरच होतं. एसएलआर बंदूक गोळीमागच्या वायूच्या जोरावर स्वतःला पुन्हा भरते. ब्लँकमध्ये गोळी नाही, त्यामुळे नळीत पुरेसा दाब धरत नाही. प्रत्येक वेळी हातानेच ओढावी लागते.

मग मी मूळ प्रश्नावर आलो. बंदूक उडाली का नाही?

मामा उठले आणि खिडकीतली खोबरेल तेलाची बाटली आणून माझ्यापुढे उलटी धरली. जानेवारीची सकाळ, तेल गोठलेलं, थेंब पडेना. “ही आपली शहापूरची थंडी. दहा-बारा डिग्री. आता तिथे उणे तीस समज. आणि या बाटलीच्या जागी बंदुकीतलं ग्रीस समज.”

लोखंडाला गंज लागू नये म्हणून बंदुकीला तेल-ग्रीस लावतात. थंडीत ते घट्ट होतं. पिन ज्या भोकातून पुढे सरकते त्या भोकात घट्ट ग्रीस बसलं की पिन चिखलात धावल्यासारखी धावते. टोपीपर्यंत पोचते, पण जोर राहत नाही. ओरखडा उठतो, ठिणगी पडत नाही.

सियाचिनला १३ एप्रिल १९८४ ला आपली फौज चढली तेव्हापासून तिथल्या प्रत्येक जवानाला हे शिकावं लागलंय. मामांनी जे सांगितलं ते त्यांच्याच क्रमाने देतो.

एक, थंडीत जायच्या आधी बंदूक पूर्ण उघडून जुनं ग्रीस रॉकेलने धुऊन काढायचं. चिंदीने कोरडी ठक्क पुसायची. तेल लावायचंच तर थंडीसाठीचं पातळ, तेही नुसता हात फिरवल्यासारखं. जास्त तेल म्हणजे जास्त काळजी, ही समजूत तिथे जीव घेते.

दोन, बाहेरची थंड बंदूक गरम बंकरमध्ये आणायची नाही. एसी गाडीतून उतरल्यावर चष्म्यावर वाफ धरते ना, तशी ती आतून-बाहेरून घाम धरते. पुन्हा बाहेर नेली की त्या घामाचा बर्फ होतो आणि पिन जागेवर गोठते. म्हणून ती बाहेरच्याच तापमानात, पण बर्फापासून झाकून ठेवायची. आणावीच लागली तर पूर्ण कोरडी करूनच परत न्यायची.

तीन, नळीच्या तोंडाला टोपण. आत बर्फ शिरला आणि तसाच बार काढला तर नळीच फाटते.

चार, काडतुसाला तेलाचा हात लावायचा नाही. तेल टोपीत झिरपलं की मसाला मरतो.

पाच, गोठलीच तर स्टोव्हच्या उबेवर हळूहळू शेकायची. “रात्री माणसं कुडकुडायची आणि रॉकेलचा स्टोव्ह बंदुकीला,” मामा म्हणाले. “कारण सकाळी ती उडाली नाही तर माणूस गरम राहून उपयोग काय?”

हे काही आपल्याच फौजेने शोधलेलं नाही. १९३९-४० च्या हिवाळ्यात रशिया फिनलंडवर चालून गेला, तेव्हा फिनिश सैनिक बंदुका जवळजवळ कोरड्या ठेवून लढले. १९४१ मध्ये मॉस्कोच्या दारात जर्मनांच्या मशिनगन तेल गोठून अडकल्या. आपल्याकडे १९९९ ला कारगिलमध्ये इन्सास नवी होती. तिच्या प्लास्टिकच्या मॅगझिनला थंडीत तडे जातात अशा तक्रारी आल्या. त्या डोंगरांवर कोणी हसलं नाही. तक्रार लिहिली गेली, चर्चा झाली, पुढे बंदुका बदलल्या.

“पण मामा,” मी म्हटलं, “मुरबाड म्हणजे सियाचिन नाही. बारा डिग्रीला ग्रीस एवढं गोठतं?”

“चांगलं असेल तर नाही. पण पावसाळ्याचं असेल तर?”

इथे मला आपल्या मुलखाची गोष्ट कळली. चार महिने आपल्याकडे कपाटातल्या चपलेला बुरशी येते. बंदूक गंजू नये म्हणून पावसाळ्यात तिला जाड ग्रीसचा थर देतात, ते योग्यच आहे. पण पाऊस संपल्यावर तो थर पूर्ण उतरवायला हवा, नाहीतर धूळ धरून त्याचा लगदा होतो. त्यावर पहाटेचा गारवा आणि दव. मूळची जुनी बंदूक, त्यात हातोडीची स्प्रिंग दमलेली. सगळं थोडं थोडं मिळून एक ‘टक’ होतं. “ओळखायची खूण सोपी आहे,” मामा म्हणाले. “न उडालेला राउंड हातात घे आणि टोपी बघ. खड्डा नीट खोल असेल तर काडतूस खराब. खड्डा उथळ असेल तर बंदूक दोषी. त्या पोराला विचार, खड्डा कसा होता.”

हा प्रश्न मी तीन वर्षांपूर्वी विचारायला हवा होता. दहा सेकंदांचा प्रश्न.

ओळखीतून नंबर मिळवला. दोनदा फोन उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला आणि मी नाव सांगितल्यावर बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी सरळगाव नाक्यावर चहाला भेटला. मी आधी माफी मागितली. तो म्हणाला, “राहू द्या सर, झालं ते.” मग मी खड्ड्याचं विचारलं. तो एकदम सावरून बसला. मला वाटतं इतक्या दिवसांत त्याला कामाचा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

“नुसता टिकला होता सर. टिकली लावल्यासारखा. मी राउंड दाखवला पण.”

उथळ. म्हणजे बंदूक.

मग तो बोलत गेला. आदेश रात्री उशिरा आला. बंदुका पहाटे कोतमधून निघाल्या, तिथेच मोजून हातात. उघडून बघायला वेळ नाही. ती त्याची नेहमीची बंदूकही नव्हती. वर्षाची फायरिंग प्रॅक्टिस म्हणजे मोजके राउंड, ते संपले की वर्ष संपलं. क्लिप फिरल्यावर त्याला कारणे दाखवा नोटीस आली. त्याने उत्तर दिलं, पुढे विषय फायलीत गेला. बंदुकीचं काय झालं ते त्याला कोणी कळवलं नाही.

मी विचारलं, त्या वेळी मनात काय चाललं होतं? लोक हसत होते.

“मोजत होतो सर. एक ते तीस. उस्तादांनी सांगितलं होतं, काही झालं तरी तीसच्या आधी हलायचं नाही. तेवीसला तुमच्याकडचं हसणं ऐकू आलं.”

यावर मी काय बोलणार? चहाचे पैसेही त्यानेच दिले, मला देऊ दिले नाहीत.

आता सार्वजनिक प्रश्नाकडे येतो, कारण ही एका पोराची गोष्ट नाही.

२१ ऑगस्ट २०१९. बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांचे अंत्यसंस्कार, सुपौल जिल्ह्यातलं बलुआ गाव, खुद्द मुख्यमंत्री हजर. सलामीसाठी २२ बंदुका वर झाल्या आणि एकही उडाली नाही. देशभर व्हिडिओ फिरला, देश हसला. बावीस माणसं एकाच वेळी चाप ओढायला विसरतात का? बावीसच्या बावीस बंदुका गप्प बसतात तेव्हा दोष शिपायाच्या बोटात नसतो. काडतुसं कुठली, किती जुनी, कुठे ठेवलेली, शेवटची तपासणी कधी, हे तिथे विचारायचं असतं.

आणि हसण्याची किंमत काय असते ते आपल्या लाइनवरच्या लोकांना तरी सांगायला नको. कसारा आणि आसनगाव लोकल जिथे जाऊन थांबते त्या सीएसएमटीवर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री एके-४७ घेतलेल्या दोघांसमोर आपल्या पोलिसांच्या हातात काठ्या आणि जुन्या पॉइंट थ्री-नॉट-थ्री होत्या. नंतर राम प्रधान समितीने चौकशी केली, तेव्हा सरावासाठी दारूगोळा पुरत नाही हाही मुद्दा पुढे आला. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर थ्री-नॉट-थ्रीला शेवटचा निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० च्या संचलनात. दुसऱ्या महायुद्धात लढलेली बंदूक २०२० पर्यंत शिपायाच्या खांद्यावर.

शिपाई आपली बंदूक निवडत नाही. काडतूस तो विकत आणत नाही. सरावाचे राउंड किती, हे तो ठरवत नाही. त्याच्या हातात एकच गोष्ट असते, ती उडाली नाही तर कसं उभं राहायचं. तेवढं त्या पोराने अचूक केलं आणि आपण नेमकं तेच हसण्यावारी नेलं. ज्या तीन गोष्टींवर बोट ठेवायचं होतं त्या मात्र आजवर कोणी विचारलेल्या नाहीत, माझ्यासकट.

म्हणून आता विचारतोय, माहितीच्या अधिकारात अर्जही टाकलाय. पावसाळ्यानंतर प्रत्येक बंदूक उघडून तपासली जाते का आणि त्याची नोंद कुठे असते? सलामीसाठी दिलेल्या ब्लँक काडतुसांचं उत्पादन वर्ष कोणतं? एका शिपायाला वर्षाला सरावाचे राउंड किती मिळतात, प्रत्यक्षात किती झाडले जातात? उत्तर आलं की याच पेजवर जसंच्या तसं टाकेन. चांगलं आलं तरी टाकेन.

दर २ जानेवारीला सिद्धगडावर आपण पहाटेच्या थंडीत जमतो. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील १९४३ साली तिथे पोलिसांच्या गोळ्यांना सामोरे गेले. यंदा मीही गेलो होतो. खाली बंदोबस्ताला उभी असलेली पोरं कानटोपी घालून हातावर हात चोळत होती, सगळी आपल्याच गावातली, शेतकऱ्यांची, आदिवासी पाड्यांवरची. आधी मी त्यांच्याकडे फक्त कॅमेऱ्यातून बघायचो. यंदा थांबून एकाला विचारलं, बंदूक शेवटची कधी उघडली? त्याने आधी संशयाने पाहिलं. मग नीट सांगितलं.

ती क्लिप मी काढून टाकली आहे. पण तुमच्यापैकी अनेकांच्या मोबाईलमध्ये, ग्रुपमध्ये ती अजून असेल. कृपया डिलीट करा. आणि ज्या ग्रुपमध्ये ती पाठवली होती त्याच ग्रुपमध्ये ही पोस्टही पाठवा. मुरबाडच्या त्या पट्ट्यातल्या पोरांपर्यंत ती पोचली पाहिजे, जी त्याला अजून त्या नावाने हाक मारतात.

दुरुस्ती अशी: तीन वर्षांपूर्वी या पेजवर ‘फुसका बार’ या मथळ्याखाली जे लिहिलं होतं ते चुकीचं होतं. बंदूक उडाली नाही, हे खरं. शिपाई चुकला, हे खोटं. तो नियमाने तीसपर्यंत मोजत उभा होता. चूक माझी होती. त्याची आणि त्याच्या वडिलांची जाहीर माफी मागतो.

पौष पौर्णिमा जवळ आली आहे. घोंगडी अजून घ्यायची राहिलीय. या वेळी त्या ओळीत तो भेटला तर बरं होईल.